कड्याच्या माउलीची सायकल

आमच्या सुताविता गावाच्या वर, कड्याला चिकटून, माउलीचं, म्हणजे कुमारी मातेचं, देऊळ आहे. त्या देवळाच्या डाव्या भिंतीवर एक सायकल टांगलेली आहे. तिच्या एका अंगाला कुबड्या आणि कमरेचे पट्टे, दुसऱ्या अंगाला नवसाचे मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाचे स्तन. बाहेरगावचे लोक सायकल बघून हसतात, फोटो काढतात. म्हणतात, कुणी शर्यतवाला असणार, जिंकला असेल. खाली उतरताना ते माझ्या दुकानात गुळाचं गरम पाणी प्यायला थांबतात आणि मला विचारतात. मी म्हणते, मला काय माहीत, मी दुकान सांभाळते. पण माहीत आहे मला. माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

ती सायकल योलिमाची. योलिमा माझी धर्मलेक. बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यावर तिला मीच धरली होती, म्हणून ती मला माद्रिना म्हणते, आणि तिची आई एदुविहेस आणि मी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. हे नातं आमच्याकडे रक्ताच्या नात्याला भारी. त्यात भांडता येतं, पण ते तोडता येत नाही, आणि मला ते तोडायची इच्छा अनेकदा झालेली आहे.

एदुविहेस कशी बाई आहे ते आधी सांगते. गावात कुणी आजारी पडलं की सगळ्यांच्या आधी ही हजर, हातात झाकलेलं भांडं. उशाशी बसणार, घास भरवणार, कपाळ पुसणार, आणि माणूस जरा उठून बसायला लागलं की हिचं तोंड उतरणार. नवरा अंथरुणाला खिळून गेला तेव्हा ती जितकी सुखात होती तितकी लग्नाच्या दिवशीही नव्हती. मी दोन्ही वेळेला तिथे होते, म्हणून बोलते.

नवऱ्यानंतर तिला पोर मिळाली. योलिमाचा नवरा बटाट्याचा ट्रक घेऊन तुन्हा शहरात गेला आणि तिथेच दुसरीच्या घरी उतरला. तिशी ओलांडलेली योलिमा आईकडे परत आली आणि पलंगावर पडली. रडली नाही, भांडली नाही, नुसती पडून राहिली आणि आई देईल ते खात राहिली. सकाळी चीजचे तुकडे बुडवलेलं चॉकलेट, दुपारी डुकराच्या बरगड्या घालून गव्हाचं कढण, संध्याकाळी पेरूची वडी. पोर फुगत गेली. दारापर्यंत आली तरी धाप लागायची. रक्तात साखर सापडली, पायांना मुंग्या यायला लागल्या. आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण म्हणाली, हिला चालवा, हलवा, घाम येऊ द्या. एदुविहेसनं मान डोलावली आणि घरी जाऊन पोरीच्या अंगावर आणखी एक घोंगडी टाकली.

त्याच वर्षी माउलीच्या सणाला तिनं नवस बोलला. कड्यावरच्या दगडी वाटेनं आमच्या बायका त्या दिवशी गुडघ्यांवर चढतात. मी तिच्या बाजूलाच होते, माझे गुडघेही सोललेले होते. ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माउली, ज्या आधारानं माझी पोर उठेल, तो आधार तुझ्या भिंतीवर आणून टांगीन."

यात नवीन काही नव्हतं. आमची रीतच ती. बरं झालं की दुखण्यात ज्यानं साथ दिली ती वस्तू माउलीला द्यायची. आणि एकदा टांगली की तसली वस्तू पुन्हा हातात धरायची नाही, कारण धरली तर माउलीला खोटं पाडल्यासारखं होतं. आमचा सुतार लिसान्द्रो कुबडी टांगून आला. पुढे त्याचा पाय परत गेला, तेव्हा तो भिंत धरून, कुंपण धरून, शेवटी रांगत परसात जायचा, पण काठी घेतली नाही. गावानं त्याचं कौतुक केलं.

आता सायकलचं. शाळेत मिरेया म्हणून एक बाई शिकवायला आली होती. तिच्याकडे जाड टायरची डोंगरी सायकल होती आणि एकटीनं पठारावर जायला तिला कंटाळा यायचा. तिनं आधी मला ओढलं. पन्नाशी उलटलेली बाई मी, डोकं सतत दुखायचं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. भाच्याची सायकल घेऊन तिच्यामागे गेले आणि पहिल्या आठवड्यात तिला जितक्या शिव्या दिल्या तितक्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील. मग डोकं दुखायचं थांबलं. मग आणखी दोघी आल्या. माझ्याच दुकानासमोर माझीच बिअर पीत बसणारे पुरुष आम्हाला बघून म्हणायचे, "निघाल्या कोंबड्या. कोल्हा बघून या गं."

एक दिवस मी सरळ एदुविहेसच्या घरात गेले आणि योलिमाच्या अंगावरच्या घोंगड्या ओढून काढल्या.

"ऊठ."

"माद्रिना, मला नाही होत."

"काय नाही होत? बसायचंच आहे. इथे गादीवर बसतेस, तिथे सीटवर बस."

तिचा भाऊ बोगोताला गेला होता, त्याची सायकल कोंबड्यांच्या खुराड्यात पडली होती. सीटवर शिटेचा थर. मी ती पुसत होते तेव्हा एदुविहेस दारात उभी राहून हात चोळत होती.

"कोमाद्रे, पडली तर हो?"

"पडली तर खाली जमीनच आहे. तुमचे बटाटे त्यातच तर वाढतात."

पहिल्या दिवशी योलिमा स्मशानाच्या फाटकापर्यंत पोचली आणि तिथे ओकली. परत येताना पुरुषांतला एकजण म्हणाला, "आधी त्या सायकलसाठी कुणीतरी नवस बोला रे." सगळे हसले. योलिमानं ते ऐकलं. तिचे कान लाल झाले, आणि दुसऱ्या दिवशी मी बोलवायला जायच्या आधीच ती दारात उभी होती, हेल्मेट उलटं घालून.

हळूहळू तिनं फाटक मागे टाकलं, मग चिंचोळा पूल, मग गोठे, आणि एक दिवस आम्ही तिला धुक्यातल्या पठारावर नेलं, जिथे केसाळ पानांची झुडपं माणसासारखी उभी असतात. तिथे बसून तिनं पेरूची वडी खाल्ली, अर्धीच. उरलेली खिशात ठेवली. ही मुलगी काही अर्धं ठेवते, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

चढण तिला आधी जमली, उताराला ती घाबरायची. मिरेया तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, "दगडाकडे बघू नकोस, वाटेकडे बघ. बघशील तिकडेच जाशील." मेंढरूउडी नावाचा एक उतार आहे आमच्याकडे, ओल्या दगडांचा, जिथे पुरुषसुद्धा उतरून सायकल हातात धरतात. एका सकाळी योलिमा पेडलवर उभी राहिली, अंग मागे टाकलं आणि सुटली. मी वरून ओरडत राहिले. खाली पोचल्यावर ती हसायला लागली. मी तिला जन्मापासून ओळखते, पण हे हसू मी कधी ऐकलं नव्हतं. जाड, निर्लज्ज हसू, ओढ्याच्या पलीकडच्या गाई माना वर करून बघायला लागल्या.

डॉक्टरणीनं तिच्या गोळ्या कमी केल्या, मग आणखी कमी केल्या. पण मला जास्त गंमत वाटली ती तिच्या जिभेची. बाजारात बटाटे विकायला ती स्वतः जायला लागली. तिथला व्यापारी काट्याखाली पाय घालून वजन मारायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ही म्हणाली, "पाय काढा, मग वजन सांगा." त्यानं काढला. मग तिचा नवरा आला, ट्रक घेऊन, दारात टोपी फिरवत उभा राहिला, चुकलं म्हणाला. योलिमा त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तुमच्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. जाताना भरून घ्या." आणि दार लावलं. प्रत्येक वेळी निघण्याआधी अंगठ्यानं टायर दाबून बघायची सवय आम्हीच तिला लावली होती. ती आता जगातल्या सगळ्या टायरांकडे त्याच नजरेनं बघायची.

आणि एदुविहेस? ती भांडं घेऊन घरभर फिरायची. "कढण केलंय गं." "नको आई, मी वर चालले." ती खिडकीत उभी राहून पोरीला जाताना बघायची. तिचं तोंड उतरलं होतं. मला ते दिसत होतं आणि मला आनंदच होत होता.

माउलीचा सण जवळ आला तेव्हा एदुविहेसनं मला घरी बोलावलं. योलिमा परसात पाइप धरून सायकलवरचा चिखल धूत होती, दार उघडंच होतं.

"कोमाद्रे, तुम्ही साक्षीला होता," एदुविहेस म्हणाली. "ज्या आधारानं माझी पोर उठेल तो टांगीन, असं मी बोलले होते. पोर उठली. आता माउलीचं देणं द्यायला हवं."

मला आधी कळेचना. मग तिची नजर परसाकडे गेली आणि कळलं.

"अहो, ते काठीबद्दल होतं."

"काठीचं नाव घेतलं होतं मी?"

घेतलं नव्हतं.

"मग मेणबत्ती लावा," मी म्हणाले, "माणसाएवढी लावा. माउली काय करणार सायकलीचं? पठारावर जाणार आहे?"

योलिमा पाइप तसाच टाकून आत आली. हात ओले, गुडघ्यावर जुन्या जखमेची खपली. "आई, मला माउलीनं नाही बरं केलं. मी केलं. रोज चढून केलं."

असं बोलणं आमच्या गावात कुणी बोलत नाही. मला वाटलं एदुविहेस आता छाती बडवून घेईल, शेजार गोळा करेल. ती चिडली नाही. तिचा आवाज मऊ झाला, आजारी माणसाशी बोलताना होतो तसा.

"बरं. तू केलंस. म्हणजे बरी झालीस ना?"

"झाले."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग तिच्यावाचून राहता येईल तुला. बरं झालेलं माणूस कुबडी टाकतं, योलिमा. ज्याला टाकवत नाही ते बरं झालेलं नसतं. ती गेली की परत पलंगावर पडशील अशी भीती वाटते का तुला? वाटत असेल तर सांग. त्यात लाज कसली. मी माउलीची क्षमा मागेन, सांगेन, अजून आजारीच आहे माझी पोर. आणि कढण ठेवते चुलीवर."

आमच्याकडे सणाला डुकरं कापतात, मी लहानपणापासून बघत आले आहे, पण इतक्या हळुवार हातानं फिरवलेली सुरी मी तेव्हाच पाहिली.

योलिमाचे कान लाल झाले. तेच कान, स्मशानाच्या फाटकावरून परतताना झालेले.

"मला कशाचा आधार लागत नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर."

"अगं मूर्ख मुली," मी म्हणाले, "कुबडी कुठली, ते औषध आहे तुझं, आणि औषध कुणी भिंतीवर—"

"माद्रिना, तुम्ही मध्ये पडू नका."

ज्या आवाजात तिनं व्यापाऱ्याला पाय काढायला लावला, त्याच आवाजात तिनं मला गप्प केलं. तो आवाज तिला आम्हीच मिळवून दिला होता, आणि एदुविहेसनं त्यालाच दोरी बांधून पोरीला परत गोठ्यात ओढलं. मला तिचा इतका राग आला की मी उठून गेले.

सणाच्या दिवशी बाकीच्या बायका गुडघ्यांवर चढल्या. योलिमा सायकलवरून चढली. ती दगडी वाट इतकी उभी आहे की खेचरंसुद्धा थांबतात. तिनं एकदाही पाय टेकवला नाही. पुरुष बाटल्या हातात धरून बघत राहिले, कुणी हसलं नाही, आणि नवसाची थट्टा करणाऱ्या त्याच माणसानं हॅट काढली. वर फादरनी सायकलवर पवित्र पाणी शिंपडलं. देवळातल्या सेवकानं भिंतीत खिळे ठोकले. योलिमानं सायकल स्वतः उचलली, स्वतः टांगली, आणि सगळ्या गावासमोर ताठ मानेनं उभी राहिली. एदुविहेस तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. लोकांचे डोळे भरून आले. माझे नाही आले.

मला वाटलं होतं की पोर जिंकेल. सुरुवातीला ती रोज सकाळी चालत जायची, पार गोठ्यांपर्यंत. पण चालत गेलं की चालतच परत यायचं असतं, मध्ये मेंढरूउडी येत नाही, कुणी वरून ओरडत नाही. मग पावसाचे महिने लागले, वाटा चिखलानं भरल्या. मिरेया स्वतःची सायकल द्यायला निघाली. मी माझ्याकडची द्यायला तयार होते. योलिमा म्हणाली, "टांगलेलं परत धरायचं नसतं, माद्रिना. लिसान्द्रोकाकांनीही नाही धरलं."

"लिसान्द्रो परसात रांगत जातो."

"पण कुणी त्यांना खोटं म्हणत नाही."

खरंच होतं ते. सारं गाव तिच्याकडे बघत होतं. दुसऱ्या दोघींच्या नवऱ्यांनी तिचाच दाखला दिला: ती बरी झाली आणि तिनं सोडली, तुम्हाला कसला रोग झालाय? त्या दोघी घरी बसल्या. वर्ष संपलं आणि मिरेयाची बदली झाली. मी अजून जाते, एकटी, पुलापर्यंत. पुरुष आता कोंबड्या म्हणत नाहीत. कोंबडी म्हणतात.

कढण परत सुरू झालं. आधी एक वाटी, आईचं मन मोडू नये म्हणून. मग दोन. मग चॉकलेटमधलं चीज. मी गेले की योलिमा खिडकीशी बसलेली असायची, मांडीवर घोंगडी. "चाललं आहे, माद्रिना," म्हणायची. बाजारात एदुविहेस जायला लागली आणि व्यापाऱ्यानं पाय परत काट्याखाली घातला. डॉक्टरणीनं गोळ्या वाढवल्या, मग इंजेक्शनं आली. ती योलिमाला म्हणाली, तुम्ही सायकल चालवायचात ती चालवा ना. योलिमा खाली बघत राहिली आणि तिच्या वतीनं एदुविहेस म्हणाली, "ती माउलीला दिली, डॉक्टरीणबाई."

गाई पिळायला जाताना योलिमा रबरी बूट घालायची. एकदा बुटात खडा गेला. दुसऱ्या कुणाला पहिल्याच पावलाला टोचला असता. तिच्या पायांना आता काही कळत नव्हतं. ती त्या खड्यावर कितीतरी दिवस चालली. वास यायला लागला तेव्हा बूट काढला. तुन्हाच्या इस्पितळात आधी बोटं कापली, मग टाचेच्या पुढचं सगळं. एदुविहेस रात्रंदिवस उशाशी बसून होती, कपाळ पुसत, घास भरवत. तिची कांती उजळली होती. नर्सा मला म्हणाल्या, अशी आई आम्ही बघितली नाही. मी म्हणाले, मीही नाही.

या वर्षी सणाला आम्ही तिघी वर गेलो. योलिमाच्या अंगावर घोंगडी होती, एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. ज्या वाटेवर तिनं पाय टेकवला नव्हता त्या वाटेवर ती दर वळणाला दगडावर बसत होती. एदुविहेस पुढे गुडघ्यांवर, छातीशी मेणाचा पाय धरून. तो तिनं खास करवून घेतला होता, बोटं नीट कोरलेला, पूर्ण.

देवळात भिंतीवर खिळा रिकामा नव्हता. एदुविहेसनं इकडे तिकडे बघितलं, मग लाल फितीनं तो पाय सायकलच्या पेडलला बांधला. दोन पावलं मागे सरून बघितलं, पाय सरळ केला. मग गुडघे टेकून, डोळे मिटून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माउली, माझी पोर ही काठी टाकून चालू लागली, की ही काठीपण तुझीच."

योलिमा सायकलजवळ गेली होती. साखळीवर गंज चढला होता, सीटवर मेणबत्त्यांची काजळी. तिनं हात वर केला आणि मागच्या टायरवर अंगठा दाबला. अंगठा पार रिमपर्यंत आत गेला.

"हवा गेली, माद्रिना," ती मला हळूच म्हणाली.

"हात लावू नकोस," एदुविहेस डोळे न उघडता म्हणाली. "माउलीची आहे ती."

योलिमानं हात काढला आणि घोंगडीच्या आत घेतला.

"हो, आई," ती म्हणाली.